फॅमिली रूममधला चहा

गणपतीत माझी भाची इंग्लंडहून चार दिवस राहायला आली होती. दुपारची जेवणं आटोपली, मागचं आवरलं आणि आम्ही सगळ्या बायका ओटीवर टेकलो. भाचीने मोबाइलवर तिकडचे फोटो दाखवायला काढले. बाग झाली, बर्फ झाला, शेजारीण झाली, शेजारणीचं मांजर झालं. मग एक फोटो आला तो काळपट लाकडाच्या एका खोलीचा. भिंतीला लागून बाक, मध्ये छोटं टेबल, खिडकीला दुधी काच, एका बाजूला शेकोटी. खोली इतकी लहान की आमच्या देवघरात आणि तिच्यात फारसा फरक नसावा.

"हे गं कुणाचं घर?" मी विचारलं.

"घर नाही मावशी, पब आहे. आमच्या गावातला."

सासूबाईंच्या कपाळावर लगेच आठी पडली. "पब म्हणजे दारूचा गुत्ता ना? तिथे गं कशाला जाता तुम्ही?"

भाची हसली. मग तिने नीट समजावून सांगितलं. तिकडच्या लहान गावात पब म्हणजे गावाची ओसरीच. कुणी जेवायला येतं, कुणी पेपर वाचायला. म्हातारी माणसं एक ग्लास पुढ्यात घेऊन दोन दोन तास बसतात, पण त्यांना कुणी ऊठ म्हणत नाही. ही स्वतः लिंबाचं सरबत पिते. आणि फोटोतल्या त्या खोलीला 'स्नग' म्हणतात. स्नग म्हणजे उबदार, कोंदटपणा नसलेलं, कुशीत बसल्यासारखं. पूर्वी बायकांनी पुरुषांच्या गर्दीत, सगळ्यांच्या देखत बसणं शोभत नसे. म्हणून त्यांच्यासाठी ही बाजूची खोली. भिंतीत एक खिडकी असायची, तिच्यातून ग्लास आत यायचा. बाहेरच्याला आत कोण बसलंय ते दिसत नसे.

"म्हणजे फॅमिली रूम," सासूबाई एकदम म्हणाल्या. "इराण्याकडे असायची तशी."

आम्ही त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"मी बसलेय त्यात. एकदाच."

माझ्या सासूबाईंचं माहेर गिरगावातलं. १९६८ साली लग्न होऊन त्या वसईला आल्या. मी या घरात येऊन सव्वीस वर्षं झाली. एका स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी किती पोळ्या लाटल्या असतील त्याचा हिशेब नाही. पण इराण्याच्या हॉटेलाचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. भाचीने खोदून विचारलं, मी विचारलं, पण त्या काही बोलेनात. एवढंच म्हणाल्या, "सांगेन. आधी मला तिथे घेऊन चला कुणीतरी. गुडघे चालताहेत तोवर."

आता इतकी साधी गोष्ट मागितल्यावर 'बघू पुढे' म्हणणं मला काही बरं वाटलं नाही. दिवाळीची कामं सुरू व्हायच्या आधी, एका बुधवारी आम्ही दोघी निघालो.

इराणी आले कुठून?

निघण्याआधी थोडी माहिती सांगते. आपण इराण्याचा चहा म्हणतो, पण हे इराणी कोण हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसतं.

पारशी आणि इराणी दोघेही झरथुष्ट्राला मानणारे. फरक आहे तो येण्याच्या काळाचा. पारशी हजाराहून अधिक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला उतरले. इराणी आले ते बरेच नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला. इराणातल्या यझ्द आणि केरमान या भागांत त्यांच्या वाट्याला दुष्काळ आला, धर्मावरून जाच आला, म्हणून ते इकडे आले. आपल्या पालघर जिल्ह्याला ते परके नाहीत. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या आपण पाहतो ना, त्यांतल्या कितीतरी इराणी कुटुंबांनीच वाढवल्या.

मुंबईत आलेल्या इराण्यांनी चहाची दुकानं थाटली, आणि तीही बहुतेक रस्त्याच्या कोपऱ्यावर. असं सांगतात की कोपऱ्याची जागा धंद्याला अशुभ, अशी हिंदू व्यापाऱ्यांची समजूत होती. त्यामुळे ती जागा स्वस्तात मिळे. इराण्याला मात्र ती लाभली. दोन्ही रस्त्यांवरचं गिऱ्हाईक आत येई, दोन्ही बाजूंनी उजेड-वारा खेळे.

चहा आणि पाव तर मिळेच, शिवाय साबण, आगपेटी, दाढीची पाती, बिस्किटं असं किरकोळ सामानही मिळे. एक सिंगल चहा मागवून गिरणीतला कामगार, कोर्टातला कारकून, कॉलेजातला मुलगा आणि बेकार कवी, सगळे शेजारी शेजारी बसत. जातपात कुणी विचारत नसे. म्हणूनच तर सोवळ्याओवळ्याच्या घरांत 'इराण्याकडे चहा प्यायला' हा मोठा गुन्हा समजला जाई!

नियम मात्र कडक. भिंतीवर पाट्या असायच्या. केस विंचरण्यापासून पत्ता विचारण्यापर्यंत सगळ्याला मनाई. मुंबईचे इंग्रजी कवी निसीम इझिकेल यांनी धोबीतलावच्या बस्तानी हॉटेलातल्या अशा पाटीवरून एक कविताच केली होती. ते बस्तानी या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत बंद पडलं. एके काळी मुंबईत अशी हॉटेलं शेकड्यांनी होती. आता बोटांवर मोजावीत इतकी उरली आहेत.

वसईहून धोबीतलावला

आम्ही साडेदहानंतर घर सोडलं. हे मुद्दाम सांगते. सकाळी विरारहून भरून आलेल्या गाडीत वसईला चढायचं म्हणजे काय, ते आपल्याला कुणी सांगायला नको. म्हाताऱ्या माणसाला घेऊन तर नकोच. अकराच्या पुढे लेडीज डबा जरा श्वास घेतो. खिडकीजवळ बसायला मिळालं. समोरची एक बाई गवार मोडत होती, तिच्या पिशवीतून आम्हीही मूठभर घेतली आणि बोरिवलीपर्यंत मोडून दिली.

सासूबाई चर्चगेटपर्यंत फारसं बोलल्या नाहीत. चर्नी रोड गेलं तेव्हा मात्र खिडकीला कपाळ लावून बसल्या. तिकडे उजव्या हाताला समुद्र असतो, पण त्या बघत होत्या डाव्या हाताला, गिरगावकडे.

चर्चगेटला उतरून टॅक्सी केली आणि 'मेट्रो सिनेमा' म्हटलं. १९३८ साली सुरू झालेल्या त्या थिएटरात आता अनेक पडद्यांचा सिनेमा आहे, पण खुणेला अजून तेच नाव पुरतं. त्याच्या समोर जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिच्यात गोव्याच्या गावांचे कूड आहेत. कूड म्हणजे नोकरीसाठी आलेल्या गावकऱ्यांना उतरायला त्या त्या गावाने घेतलेल्या खोल्या. आणि त्याच इमारतीच्या तळाला कयानी अँड कंपनी आहे, १९०४ साली सुरू झालेली.

"हेच का ते, आई?" मी विचारलं.

सासूबाई फुटपाथवर थांबून बराच वेळ बघत राहिल्या. "इथे तीन होते गं. कयानी, बस्तानी आणि पलीकडे ससानियन. त्यातलं कुठलं, ते आता नक्की नाही सांगता यायचं. मी दहा वर्षांची होते. पण आतून सगळे सारखेच. चल."

आतली दुनिया

दारातून आत गेलं की पहिल्यांदा वास येतो. भाजलेल्या पावाचा, लोण्याचा आणि उकळलेल्या चहाचा. मग छताकडे लक्ष जातं. आपल्या आजच्या फ्लॅटचे दोन मजले त्यात मावतील इतकं ते उंच. म्हणून बाहेर ऊन असलं तरी आत गारवा. काचेच्या कपाटांत आणि बरण्यांत खारी, नानकटाई, आल्याची बिस्किटं. टेबलांवर चौकड्यांचं कापड. गल्ला दाराशीच.

आणि त्या खुर्च्या! काळ्या पॉलिशच्या, गोल बैठकीच्या, पाठ वाकवलेल्या. जुन्या इराण्याकडे गेल्याशिवाय अशा खुर्च्या आता दिसत नाहीत. या खुर्चीची गंमत ऐका. १८५९ साली व्हिएन्नाच्या थोनेट या कारागिराने ती पहिल्यांदा बनवली. बीच नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करायचं, साच्यात वाकवायचं आणि वाळवायचं. आपण वेताची टोपली विणताना वेत भिजवतो, तसंच काहीसं. सगळी खुर्ची मिळून लाकडाचे तुकडे सहा, बाकी स्क्रू. सुटे भाग करून एक मीटर लांब-रुंद-उंच खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. म्हणून ती बोटीत बसून जगभर गेली आणि मुंबईच्या इराण्यानेही ती उचलली. वजनाला हलकी, पुसायला सोपी, मोडायला कठीण. शंभर वर्षं चालणारं सामान कसं असतं ते घरात फर्निचर घेण्याआधी एकदा इथे येऊन बघावं.

जुन्या इराण्यांकडे संगमरवरी टेबलं आणि भिंतीभर आरसेही असत. आरसे शोभेला असतात असं मला वाटायचं. खरं तर त्यांतून गल्ल्यावरच्या मालकाला जागेवरून न उठता सगळ्या टेबलांवर नजर ठेवता येत असे!

मागच्या बाजूला वर माळ्याकडे जाणारा लाकडी जिना होता. सासूबाई त्याच्यापाशी जाऊन थांबल्या. कठड्यावर हात ठेवला. मला वाटलं, वर जायचं म्हणतील.

"वर नको," त्या म्हणाल्या. "गुडघ्यांसाठी नाही गं. आज मला खाली बसायचंय. रस्ता दिसेल असं."

आम्ही दारापासच्या टेबलावर बसलो. दोन चहा, एक बन-मस्का आणि दोन मावा केक मागवले. चहा आला तो दाट, गोड, पुष्कळ वेळ उकळून लालसर झालेला. त्यात बन बुडवायचा तो लोण्याची बाजू खाली धरून नव्हे बरं का! लोणी चहावर तरंगत बसतं. वरची बाजू बुडवायची.

अर्धा कप चहा झाल्यावर सासूबाईंनी सांगायला सुरुवात केली.

१९५७ ची गोष्ट

"माझा धाकटा भाऊ, तुमचे मामा, तेव्हा चार वर्षांचा. न्यूमोनिया झाला. इथून जवळच्या इस्पितळात ठेवला होता. बाबा दिवसपाळीला छापखान्यात. आई दोन रात्री त्याच्या उशाशी बसून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेज घेऊन गेले, तर डॉक्टर आईला म्हणाले, आजची रात्र गेली म्हणजे मिळवली. नर्सने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, बाई, जरा बाहेर जाऊन या. अर्धा तास मी आहे इथे.

"आता बाहेर जाऊन कुठे जायचं? घरी गेली असती तर आजीने चूल पुढे केली असती. देवळात गेली असती तर ओळखीच्या चारजणी भेटल्या असत्या. रस्त्यावर नऊवारीतली बाई नुसती उभी राहिली तर लोक बघतात. आई माझा हात धरून नुसती चालत सुटली. आणि या कोपऱ्यावर आली. इराण्याच्या दारात उभी राहिली. आमच्या घरात पावसुद्धा येत नव्हता, कळलं ना? गल्ल्यावरच्या इराण्याने आमच्याकडे बघितलं. एक शब्द बोलला नाही. नुसतं बोट वर केलं. जिन्याकडे.

"वर लाकडाच्या फळ्यांनी केलेल्या खोपटासारख्या खोल्या होत्या. छोटं दार. आम्ही आत बसलो. पोरगा चहा ठेवून गेला. आई मला म्हणाली, कप बघ गं, स्वच्छ आहे का. मी पाहिला. मग ती प्यायली. पूर्ण कप प्यायली. आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. किती रडली! मी बन खात होते. मला दुसरं काय सुचणार?

"कुणी वर आलं नाही. कुणी विचारलं नाही. आणखी काय हवं, असंही विचारलं नाही. अर्ध्या तासाने आईने डोळे पुसले, पदराची गाठ सोडून पैसे दिले, आणि आम्ही परत गेलो. जिन्यावर मला म्हणाली, घरी सांगायचं नाही हं. मी नाही सांगितलं. आई गेली तरी नाही सांगितलं."

मी हिशेब केला. अडुसष्ट वर्षं झाली होती.

मामा त्यातून उठले. आज ते बहात्तर वर्षांचे आहेत, डोंबिवलीला असतात, दोन जिने सहज चढतात.

"आईला रडायला दुसरी जागाच नव्हती गं," सासूबाई म्हणाल्या. "चाळीत रडली असती तर दहाजणी धावल्या असत्या. घरात रडली असती तर अशुभ. पोराच्या समोर तर नाहीच."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि आई, तुम्ही? तुम्ही कुठे रडायचात?"

त्यांनी कपातला चहा ढवळल्यासारखं केलं. चमचा नव्हताच.

"मोरीत. नळ सोडून."

पोऱ्या टेबल पुसत आला. "और कुछ?"

"एक चाय और," सासूबाई म्हणाल्या.

खोली कशासाठी होती?

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. भाचीच्या गावातला तो स्नग आणि आमचा फॅमिली रूम. हजारो मैलांचं अंतर, एकीकडे बिअर, दुसरीकडे चहा, पण कल्पना एकच. बाईला बसायला जागा द्यायची, पण झाकून.

म्हणजे ती सोयही होती आणि कुंपणही होतं. दोन्ही खरं. त्या फळ्यांच्या आड बसून माझ्या आजेसासूबाईंनी अर्धा तास मोकळा श्वास घेतला, हे खरं. पण खाली, रस्ता दिसेल अशा टेबलावर त्या बसू शकल्या नसत्या, हेही खरं.

हे काही आपल्याकडेच होतं असं समजू नका. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर, जिथे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या होत्या, तिथे 'एल व्हिनो' नावाचं मद्यगृह आहे. तिथे पुरुषांना गल्ल्याशी उभं राहून प्यायला मुभा होती. बायकांनी मात्र मागच्या खोलीत टेबलावर बसायचं, तिथेच त्यांना मिळेल, असा नियम. टेस गिल या वकीलबाई आणि अॅना कूट या पत्रकार, दोघींनी त्यावर कोर्टात दावा लावला. खालच्या कोर्टात हरल्या, वरच्या कोर्टात गेल्या आणि १९८२ साली जिंकल्या. इंग्लंडसारख्या देशात, राणीच्या राज्यात, १९८२ पर्यंत! त्या दोघींना दारूची हौस होती म्हणून नव्हे. बातम्यांची देवाणघेवाण, कामाची बोलणी सगळी त्या गल्ल्याशी होत. खोली झाकलेली असली की बाई सुरक्षित राहते, पण चार गोष्टींना मुकते.

आपला लेडीज डबा तरी काय आहे? १९९२ साली पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांची गाडी सुरू केली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. आपल्या भागातल्या किती बायका तिच्यामुळे नोकऱ्या टिकवू शकल्या! त्या डब्यात भाजी निवडली जाते, डोहाळजेवणं होतात, हळदीकुंकू होतं, आणि हो, रडलंही जातं. शेजारची अनोळखी बाई पाण्याची बाटली पुढे करते आणि काही विचारत नाही. आमच्या पिढीचा फॅमिली रूम तो. फक्त तो बसायला नाही, बहुतेक वेळा उभं राहायलाच मिळतो!

मला वाटतं, आपल्याला दोन्ही हवं. डोळे पुसायला वरची खोली हवी, आणि मनात आलं तर खालचं, दारापासचं टेबलही हवं. कुठे बसायचं ते मात्र आपलं आपण ठरवायचं.

जुनं टिकतं कशाने?

भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली होती. तिकडे मधल्या काळात जुन्या पबच्या आतल्या भिंती पाडून एकच मोठा हॉल करायची टूम निघाली. हजारो स्नग नाहीसे झाले. मग १९७१ साली सुरू झालेली 'कॅमरा' नावाची गिऱ्हाइकांचीच एक संघटना जागी झाली. ती मुळात चांगल्या बिअरसाठी भांडणारी. पण पुढे तिने आतली मांडणी जुनी, न बिघडलेली राहिली आहे अशा पबच्या याद्या केल्या. लोक त्या याद्या घेऊन मुद्दाम जातात, बसतात, पैसे खर्च करतात. जुनी खोली टिकते ती अशी.

आपल्याकडे हॉटेल बंद होण्याची बातमी आली की गर्दी होते. ग्रँट रोडचं बी. मेरवान १९१४ सालचं. २०१४ मध्ये ते बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा मावा केकसाठी रांगा लागल्या होत्या. त्या रांगेतले निम्मे लोक आधी महिन्यातून एकदा आले असते तर! चहाच्या एका कपावर तासभर बसू देणारा धंदा मुळातच नफ्याचा नव्हे. त्यात कोपऱ्याच्या जागेला आता सोन्याचा भाव, आणि मुलं शिकून दुसऱ्या व्यवसायांत गेलेली. मालकाला दोष कसा देणार?

तेव्हा मैत्रिणींनो, जाऊन या. वसई-विरारहून जाणाऱ्यांसाठी चार सूचना:

गर्दीची वेळ टाळून अकराच्या सुमारास निघावं आणि चारच्या आत परतीची गाडी धरावी. धोबीतलावला कयानी आणि ससानियन दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. गुडघे दुखत असतील तर चर्चगेटला उतरून टॅक्सी बरी, कारण मरीन लाइन्सला पूल चढावा लागतो. जेवायचं असेल तर बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३ सालचं ब्रिटानिया आहे, तिथला बेरी पुलाव नावाजलेला. घरचा डबा उघडू नये. गर्दी असेल तर चहा झाल्यावर जागा अडवून बसू नये. फोटो काढायचा तर आधी विचारावं, आणि नुसता फोटो काढून निघू नये. आणि एकदा तरी, अगदी एकदा तरी, एकटीने जाऊन बसावं. पहिली पाच मिनिटं अवघडल्यासारखं होतं. सहाव्या मिनिटाला चहा येतो.

घरी केलेला मावा केक

येताना डझनभर केक आणले होते, ते मुलांनी आणि ह्यांनी रात्रीच संपवले. म्हणून दुसऱ्या दिवशी घरी करून पाहिला. बरा झाला, म्हणून कृती देते.

मैदा २०० ग्रॅम, खवा १५० ग्रॅम, लोणी ११५ ग्रॅम, पिठीसाखर २०० ग्रॅम, अंडी ३, बेकिंग पावडर सव्वा चहाचा चमचा, वेलचीपूड अर्धा चमचा, लागेल तसं दूध सुमारे अर्धी वाटी. लोण्यात मीठ नसेल तर चिमूटभर मीठ घालावं.

खवा हाताने मोकळा करून घ्यावा, गाठी राहू देऊ नयेत. लोणी आणि साखर हलकं, पांढरट होईपर्यंत फेसावं. त्यात खवा घालून पुन्हा फेसावं. अंडी एकेक करून घालावीत. मैदा आणि बेकिंग पावडर दोनदा चाळून, वेलचीपूड मिसळून, हलक्या हाताने कालवावं. मिश्रण चमच्यातून जड पडेल इतपतच दूध घालावं. कागदाच्या वाट्यांत पाऊण उंचीपर्यंत भरून १७० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटं भाजावं. मधे सुई टोचून कोरडी निघाली की झाले. गरम खाऊ नयेत. पूर्ण गार झाल्यावर खव्याची चव खरी लागते.

सासूबाईंनी एक खाल्ला. "तिथल्यापेक्षा मऊ झालाय," म्हणाल्या. "पण घरी खाल्लं की उठून भांडी घासावी लागतात."

रविवारी त्यांनी मामांना फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते. मुद्दाम ऐकलं नाही, पण ऐकू आलं. अडुसष्ट वर्षांपूर्वीची ती गोष्ट त्यांनी भावाला पहिल्यांदा सांगितली. न्यूमोनिया, नर्स, जिना, कप, सगळं. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग मामा काहीतरी बोलले आणि सासूबाई मोठ्याने हसल्या.

"काय म्हणाले मामा?" मी विचारलं.

"म्हणाला, आई इराण्याचा चहा प्यायली? आमची आई? आणि मी कॉलेजात असताना प्यायलो तर मला बदडलंन!" त्यांनी डोळे पुसले. "त्याला यायचंय म्हणतो. पुढच्या महिन्यात जाऊ तिघं."

"वर बसायचं का मग, मामांना दाखवायला?"

"त्याला दाखव हवं तर. मी खालीच बसणार," सासूबाई म्हणाल्या, आणि मिक्सरचं भांडं विसळायला घेतलं.